पोत्सुओलीच्या जमिनीखालचे धक्के कसे वाचतात?

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठावर पोत्सुओली नावाचं गाव आहे. तिथे छोट्या होड्या लावायची एक जुनी गोदी आहे. काही वर्षांपूर्वी जिथे होड्या पाण्यावर डुलायच्या, तिथे आता त्यातल्या कित्येक चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं समुद्र मागे हटला. प्रत्यक्षात समुद्र आहे तिथेच आहे, जमीन वर आली आहे. २००५ पासून गावाच्या मध्यावरची जमीन जवळपास १.४ मीटरने उचलली गेली, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीइतकी. आणि ही जमीन वर येताना गप्प बसत नाही. ती हादरते. कधी दिवसाला दोन-चार वेळा, कधी एका रात्रीत शंभराच्या वर.

या प्रदेशाचं नाव काम्पी फ्लेग्रेई, अर्थ साधारण ‘धगधगती शेतं’. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोकातून धूर सोडणारा डोंगर येतो. इथे तसा डोंगर नाही. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, पोटातला शिलारस बाहेर पडला आणि वरचं छप्पर खाली कोसळलं. त्यातून १२ ते १५ किलोमीटर रुंदीचं कुंड तयार झालं. अशा कुंडाला काल्डेरा म्हणतात. त्याचा बराचसा भाग आज समुद्राखाली आहे आणि उरलेल्या भागात घरं, शाळा, रेल्वे, दवाखाने. ज्या स्टेडियममध्ये मॅराडोना खेळला आणि आज ज्याला त्याचंच नाव आहे, तेही याच कुंडात. उद्रेक झाला तर सगळ्यात आधी रिकामा करावा लागेल अशा पट्ट्यात सुमारे ५ लाख लोक राहतात.

तिथे धक्के वाढले की जगभर एकच बातमी फिरते: भूकंप वाढले, ज्वालामुखी फुटणार. लोकांची धास्ती मला समजते, पण भूकंपांची संख्या ही या सगळ्यात सगळ्यात कमी बोलकी गोष्ट आहे असं माझं मत आहे. धक्का कुठे बसला, किती खोल बसला, कोणत्या जातीचा होता, आणि त्याच वेळी जमीन आणि वायू काय करत होते, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आधी हे धक्के येतातच का, ते पाहू. तव्यावरून विस्तवावर टाकलेली भाकरी आठवा. आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वरचा पापुद्रा टम्म फुगतो. फुगताना पापुद्र्याला ताण बसतो. कडेला कुठे चीर पडली की फस्सकन वाफ निघून जाते आणि भाकरी बसते. काम्पी फ्लेग्रेईच्या खाली असंच काहीसं चाललं आहे. खोलवर शिलारस आहे. त्यातून सुटणारे तापलेले वायू वर येतात, खडकांच्या भेगांमधलं पाणी तापवतात आणि सगळ्याचा मिळून दाब वाढतो. वरचा खडकाचा थर उचलला जातो, ताणला जातो आणि जिथे तो कमजोर असतो तिथे तडकतो. ही प्रत्येक तडक म्हणजे एक भूकंप. जमिनीच्या या संथ वरखाली होण्याला तिथे ब्रॅडिसीझम म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘मंद हालचाल’.

फुगवणारी गोष्ट नेमकी कोणती, नुसती वाफ आणि वायू की वर सरकणारा शिलारस, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. हा वाद नुसता पुस्तकी नाही. वाफ असेल तर भाकरी पुन्हा बसू शकते. शिलारस वर येत असेल तर गोष्ट वेगळी.

पाण्याच्या दाबाने खडक सरकतो हे आपल्याकडच्या माणसाला नवीन वाटायला नको. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणात साठलेल्या पाण्याने खालच्या भेगांमधला दाब बदलतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक निसटतो, या प्रकारच्या भूकंपांचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. पुढे पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपले. आपल्या पायाखाली लाव्ह्याचाच काळा कातळ आहे, त्यामुळे ‘खाली ज्वालामुखी जागा होतोय का’ हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. पण दख्खनचा तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. पालघरचे धक्के शिलारसाचे नव्हेत. धक्क्यांची मालिका दोन्हीकडे सारखीच दिसते, कारण मात्र वेगळं. म्हणून तर नुसती मालिका पाहून ज्वालामुखीचं निदान करता येत नाही.

पोत्सुओलीकडे परत येऊ. तिथल्या बाजारात रोमन काळातले तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. १७५० मध्ये उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून या जागेला देऊळ समजलं गेलं, खरं तर ती रोमन मंडई होती. खांबांच्या जवळ जाऊन पाहिलं की तळाचा भाग गुळगुळीत दिसतो, मग काही मीटरवर एक खडबडीत पट्टा सुरू होतो आणि जमिनीपासून साधारण ७ मीटरपर्यंत जातो. त्या पट्ट्यात बोट जाईल एवढाली भोकं आहेत. दगड पोखरून राहणाऱ्या शिंपल्यांची ती घरं. हे शिंपले समुद्राच्या पाण्यातच जगतात. म्हणजे कोरड्या जमिनीवर बांधलेली मंडई कधीतरी ७ मीटर पाण्यात गेली होती आणि नंतर पुन्हा वर आली, तरी खांब उभेच राहिले. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं होतं. जमीन संथपणे वरखाली होऊ शकते याचा इतका सुरेख पुरावा दुसरा नसेल. कोणतंही यंत्र नसताना शिंपल्यांनी नोंद ठेवली.

या जमिनीचा शेवटचा उद्रेक १५३८ मधला. त्याआधी दोनेक वर्षं धक्के बसत होते. सप्टेंबरच्या शेवटी किनारा इतका वर आला की समुद्राचा तळ उघडा पडला आणि लोक त्यावरचे मासे वेचायला धावले. २९ सप्टेंबरला जमीन फाटली. आठवड्याभरात तिथे सुमारे १३० मीटर उंचीची टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले नावाचं खेडं तिच्याखाली गाडलं गेलं. त्या टेकडीचं नाव आजही मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर.

आता यंत्रं. व्हेसुव्हिअस वेधशाळा १८४१ मध्ये स्थापन झाली, ज्वालामुखीसाठी उभारलेली ही जगातली पहिली वेधशाळा. तिथे लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विजेवर चालणारं भूकंपलेखक यंत्र बनवलं. आज हीच संस्था काम्पी फ्लेग्रेईवर चोवीस तास लक्ष ठेवते. जमिनीवर, विहिरींसारख्या खोल छिद्रांत आणि खाडीच्या तळावर तिची भूकंपमापकं बसवलेली आहेत.

एका यंत्राने धक्का बसला एवढंच कळतं. तो कुठे बसला हे कळायला अनेक यंत्रं लागतात, आणि त्यामागची युक्ती आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वीज चमकली की आपण आकडे मोजतो आणि गडगडाट किती वेळाने ऐकू आला त्यावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज करतो. भूकंपातूनही दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक दाबत-ताणत जाणारी, वेगवान. दुसरी आडवी हलवत जाणारी, मागून येणारी. दोन्हींमध्ये जितकं अंतर पडलं तितका धक्का लांबचा. असं अंतर चार किंवा जास्त ठिकाणांहून मोजलं की धक्क्याची जागा, खोली आणि वेळ, तिन्ही काढता येतात. काम्पी फ्लेग्रेईत यंत्रं इतकी जवळजवळ आहेत की अगदी बारीक, माणसाला न जाणवणारा धक्काही नकाशावर टिपता येतो.

खोली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथले बहुतेक धक्के ४ किलोमीटरपेक्षा कमी खोलीवरचे असतात, बरेचसे दोन-तीन किलोमीटरवरचे. त्याखाली खडक इतका तापलेला आहे की तो तडकण्याऐवजी मेणासारखा वाकतो. उथळपणाचा परिणाम थेट घरांवर होतो. ४.४ तीव्रतेचा धक्का १५ किलोमीटर खोल बसला तर वरच्या माणसाला पंखा हलताना दिसेल. तोच धक्का घराखाली अडीच किलोमीटरवर बसला तर भिंतीचं प्लास्टर खाली येतं. पोत्सुओलीचे लोक सांगतात की आधी तोफेसारखा आवाज येतो आणि मग हादरा, ते याच उथळपणामुळे. म्हणून परदेशातल्या बातमीत ४.४ वाचून ‘एवढासा तर आहे’ म्हणणं त्या लोकांवर अन्याय करणारं आहे.

तीव्रतेचा आकडाही थोडा समजून घ्यायला हवा. वर्तमानपत्रं सरसकट रिश्टर स्केल लिहितात. काम्पी फ्लेग्रेईत मात्र धक्क्याचा थरथराट किती वेळ टिकला त्यावरून तीव्रता काढतात. देवळातली घंटा हळू वाजवली तर नाद लगेच विरतो, जोरात वाजवली तर घुमत राहतो, तसं. आणि आकड्यात एकाने वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट वाढ. त्यामुळे २ तीव्रतेचे शंभर धक्के आणि ४ तीव्रतेचा एक, यांत तो एकच भारी. धक्क्यांची नुसती गिनती किती फसवी असते ते इथे कळतं.

गिनती आणखी एका कारणाने फसवते. यंत्रं वाढली, ऐकायच्या पद्धती सुधारल्या की जमीन तेवढीच हलली तरी नोंदी वाढतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेने २०२२ पासूनच्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. ५४ हजारांहून जास्त भूकंप सापडले, आधीच्या यादीच्या सुमारे चौपट. जमीन तीच होती, कान तिखट झाले. पण याचा खरा फायदा आकड्यात नव्हता. इतके ठिपके नकाशावर पडल्यावर उचलल्या जाणाऱ्या भागाभोवती कड्यासारखी एक भेग स्पष्ट दिसू लागली. भाकरीचा पापुद्रा कोणत्या कडेने सुटतोय ते त्यातून कळलं.

आता धक्क्यांच्या जाती. खडक तडकल्याचा धक्का वाळलेलं लाकूड फोडल्यासारखा असतो: सुरुवात धारदार, मग विरत जाणं. दुसरी जात लांब तरंगांची, खालच्या पट्टीतली. सकाळी नगरपालिकेचं पाणी सुटायच्या आधी नळातून हवा येते, पाइप गुरगुरतो, थरथरतो. तापलेला द्रव किंवा वायू भेगांमधून सरकताना तशीच गुरगुर होते आणि यंत्रावर ती तडकेपेक्षा अगदी वेगळी उमटते. तिसरी म्हणजे न थांबणारी थरथर, पाणी जोरात वाहू लागल्यावर पाइप सतत वाजत राहावा तशी. फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये जागा झाला तेव्हा शास्त्रज्ञांनी अशा बदलत्या जाती वाचून, वायू मोजून इशारे वाढवत नेले आणि १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोकांना हलवलं. काम्पी फ्लेग्रेईतले बहुतांश धक्के आजवर पहिल्या जातीचे, तडकेचे आहेत. वेधशाळेतली माणसं डोळ्यांत तेल घालून पाहतात ते हे की ही जात बदलते का, आणि धक्के एका दिशेने सरकत किंवा उथळ होत जातात का.

भूकंप एकटे वाचत नाहीत. उपग्रहांशी जोडलेले जीपीएसचे खांब जमीन किती मिलिमीटर उचलली ते सांगतात, अवकाशातून रडारने घेतलेल्या प्रतिमा सगळ्या कुंडाचा फुगवटा दाखवतात. २०२४ च्या अखेरीस उचलण्याचा वेग महिन्याला साधारण १० मिलिमीटर होता. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो ३० पर्यंत गेला, त्याच सुमारास, १३ मार्चच्या मध्यरात्रीनंतर ४.६ चा धक्का बसला, आणि मग वेग पुन्हा उतरला. जमीन भरभर उचलली की धक्के वाढतात, ही जोडी इथे स्पष्ट दिसते. तिसरा साक्षीदार वायू. सोल्फातारा नावाच्या विवरात दीडशे अंशांहून तापलेली वाफ जमिनीतून फुसफुसत असते, कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि भोवतालचे दगड गंधकाने पिवळे झालेले असतात. या परिसरातून दिवसाला काही हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याचं प्रमाण, वाफेचं तापमान, वायूंचं मिश्रण सतत मोजतात.

इतकं सगळं असूनही उत्तर का देता येत नाही? कारण ही जमीन आधीही फुगली आहे आणि फुटली नाही. १९७० मध्ये जमीन उचलत होती म्हणून पोत्सुओलीचा सगळ्यात जुना भाग, रिओने तेर्रा, मार्च महिन्यात रिकामा केला गेला. सुमारे ३ हजार लोकांना सैनिकांनी घराबाहेर काढलं. उद्रेक झाला नाही, पण ती माणसं पुन्हा त्या घरांत राहायला गेली नाहीत. मग १९८२ ते १९८४ या काळात जमीन आणखी १.८ मीटर वर आली. १ एप्रिल १९८४ ला काही तासांत ५०० हून जास्त धक्के बसले. सुमारे ४० हजार लोकांना गाव सोडावं लागलं, त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत उभारली. त्यानंतर धक्के थांबले, जमीन हळूहळू बसू लागली. चीर पडली, वाफ गेली.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला, पापुआ न्यू गिनीमधल्या राबाउल गावात अगदी हीच गोष्ट घडत होती. तेही काल्डेरात वसलेलं बंदर. १९८३ ते १९८५ मध्ये तिथे हजारो धक्के बसले, जमीन उचलली, आणि सगळं शांत झालं. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, फक्त २७ तासांच्या भूकंपांनंतर दोन बाजूंनी उद्रेक झाला आणि राखेच्या ओझ्याने गाव कोसळलं. आधीच्या खेपेला सराव झालेला असल्याने लोक रातोरात स्वतःहून निघाले आणि बहुतेक सगळे वाचले. राबाउल आठवलं की ‘मागे फुगली होती, बसली, आताही बसेल’ हे वाक्य मला म्हणवत नाही. फुगून बसलेला खडक आधीसारखा राहत नाही. प्रत्येक खेपेला त्यात भेगा वाढतात. २०२३ मधल्या एका अभ्यासाने काम्पी फ्लेग्रेईबद्दल हेच म्हटलं: वरचा थर आता नुसता ताणला जात नाही, तो तुटण्याच्या दिशेने सरकतो आहे. याचा अर्थ उद्रेक ठरलेलाच आहे असा नाही. १९८४ चा अनुभव जसाच्या तसा आजला लावता येणार नाही, इतकाच.

निर्णय मात्र यंत्रं घेत नाहीत आणि वेधशाळाही घेत नाही. वेधशाळा मोजते आणि अर्थ लावते, इशाऱ्याची पातळी सरकारची आपत्ती यंत्रणा ठरवते. हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशा चार पातळ्या आहेत. डिसेंबर २०१२ पासून पिवळी लागू आहे. लाल जाहीर झाली तर ७२ तासांत ५ लाख लोकांना बाहेर काढायची योजना आहे आणि प्रत्येक भागातल्या लोकांनी इटलीच्या कोणत्या प्रांतात जायचं हेही ठरवून ठेवलं आहे. हा शब्द उच्चारणं किती अवघड असेल याची कल्पना करा. आधी म्हटलं आणि काही झालं नाही, तर पुढच्या खेपेला लोक हलणार नाहीत. उशिरा म्हटलं तर पुढची खेपच नाही. त्यात इटलीच्या शास्त्रज्ञांच्या मनावर ला’क्विलाची सावली आहे. ६ एप्रिल २००९ च्या तिथल्या भूकंपात ३०९ माणसं गेली. लोकांना चुकीचा दिलासा दिला म्हणून २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, पण त्यानंतर तिथे ‘घाबरू नका’ हे दोन शब्द कोणी सहज बोलत नाही. मला वाटतं ते बरंच झालं. काय दिसतंय, काय बदललंय आणि कशाबद्दल खात्री नाही, एवढं स्वच्छ सांगितलं की लोक ते पेलू शकतात. पोत्सुओलीचे लोक दर आठवड्याला वेधशाळेचं पत्रक वाचतात: किती धक्के, सगळ्यात मोठा कोणता, जमीन किती उचलली, वायू काय म्हणतो. तिथली म्हातारी माणसंही मिलिमीटरमध्ये बोलतात.

२० मे २०२४ च्या संध्याकाळी आठच्या सुमाराला ४.४ चा धक्का बसला, त्या वेळी चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. काही तासांत १५० च्या आसपास धक्के झाले. पोत्सुओलीतला महिलांचा तुरुंग रिकामा करावा लागला, लोकांनी मोटारींत आणि तंबूत रात्र काढली. त्या संध्याकाळी वेधशाळेच्या नियंत्रण कक्षात पाळीवर बसलेली माणसं पडद्यावर उडणाऱ्या रेषांमधून जागा आणि खोली काढत होती. तो कक्ष नेपल्सच्या फ्युओरिग्रोत्ता भागात आहे, मॅराडोनाच्या स्टेडियमच्याच वस्तीत, त्याच कुंडात. रेषा उडाल्या तेव्हा त्यांच्या पायाखालची फरशीही हलली असणार.